क्रम चुकला की किंमत वाढते: नगर रस्ता, दौंडची लोकल आणि अमेरिकी शहरांचा धडा

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी अलीकडे दोन मोठे निर्णय झाले. जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पुणे मेट्रोचा रामवाडीचा मार्ग वाघोली-विठ्ठलवाडीपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. सोबत वनाज ते चांदणी चौक हा छोटा तुकडाही मंजूर झाला. दोन्ही मिळून पावणेतेरा किलोमीटर, १३ स्थानके आणि सुमारे ३,६२६ कोटी रुपये असा हा हिशेब आहे. दुसरा निर्णय खराडीपासून शिरूरपर्यंतच्या सहापदरी उन्नत मार्गाचा. पन्नास किलोमीटरहून लांब असलेल्या या मार्गासाठी राज्य सरकारने सुमारे साडेसात हजार कोटींचा प्रकल्प आखला आहे. या दोन निर्णयांच्या मधोमध शिक्रापूर हे गाव येते. मेट्रो शिक्रापूरच्या अलीकडे वीसेक किलोमीटरवर थांबणार आणि उन्नत मार्ग गावाच्या डोक्यावरून पुढे जाणार. सणसवाडी, शिक्रापूर, तळेगाव ढमढेरे, रांजणगाव या पट्ट्यातला जो माणूस रोज कामावर जातो, त्याला या दोन्हींतून नेमके काय मिळणार, हा प्रश्न मात्र अजून कोणी नीट मांडलेला नाही. शहराबाहेर वाढणाऱ्या वस्तीला सार्वजनिक वाहतूक कशी द्यायची, हा प्रश्न अमेरिकेतल्या मोठ्या शहरांनी शंभर वर्षे हाताळला आहे आणि त्यात भरपूर चुका केल्या आहेत. त्या चुकांचे सार असे, की मार्ग किती लांब बांधला यापेक्षा कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने केली यावर यश ठरते. आधी जागा राखायची, मग भरवशाच्या फेऱ्या सुरू करायच्या आणि प्रवासी जमले की रूळ टाकायचे, हा क्रम उलटला की तेच काम अनेक पटींनी महाग होते. नगर रस्त्यावर आज तो क्रम उलटण्याच्या बेतात आहे.

शिरूर आणि दौंड हे शेजारचे तालुके. भीमेच्या दोन बाजूंना वसलेल्या या तालुक्यांचा वाहतुकीचा इतिहास मात्र अगदी वेगळा आहे. पुण्याला रेल्वे आली १८५८ मध्ये आणि त्याच वर्षी रूळ पूर्वेला दिक्सळपर्यंत पोचले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड हे जंक्शन झाले. नगरला रेल्वे मिळाली ती अशी दौंडमार्गे वळसा घेऊन. पुणे आणि नगर यांना सरळ जोडणारा जुना लष्करी रस्ता, ज्यावर शिरूरची इंग्रजी छावणी होती, तो रेल्वेच्या नकाशाबाहेरच राहिला. म्हणून इथल्या सार्वजनिक वाहतुकीचा भार पहिल्यापासून बसवर पडला. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस धावली, ती पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, याच रस्त्यावर. एसटीचा जन्म ज्या रस्त्यावर झाला, त्यावर पाऊणशे वर्षांनंतरही कामगाराला वेळेवर पोचण्याची खात्री देणारी बस नसावी, ही गोष्ट मनाला लागणारी आहे. रेल्वे नसणे हे भूगोलाचे आणि इतिहासाचे देणे म्हणता येईल. बस अपुरी असणे हा मात्र आपला निर्णय आहे.

या पट्ट्याचे रूप गेल्या तीन दशकांत पार बदलले. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत वाहने आणि घरगुती उपकरणे बनवणारे मोठे कारखाने आले. सणसवाडी आणि कोरेगाव भीमाच्या परिसरात लहान-मोठे उद्योग आणि गोदामे उभी राहिली. चाकणकडून येणारा रस्ता शिक्रापूरला नगर रस्त्याला मिळतो. त्यामुळे चाकण आणि रांजणगाव या दोन औद्योगिक पट्ट्यांमधली अवजड वाहतूक गावातल्या चौकात एकत्र येते. तिथली कोंडी ही स्थानिक माणसाची रोजची कथा आहे. कारखान्यांनी आपल्यापुरता मार्ग काढला आहे. शिफ्टच्या वेळेनुसार त्यांच्या भाड्याच्या बस पुणे, पिंपरी-चिंचवड, शिरूरपर्यंत धावतात. ज्यांना कंपनीची बस नाही, त्यांनी कर्ज काढून दुचाकी घेतली. शिक्रापूर आणि सणसवाडीत भाड्याच्या खोल्या करून राहणारा कंत्राटी कामगार, तळेगाव ढमढेऱ्याहून पुण्याला कॉलेजला जाणारी मुलगी, वाघोलीच्या दवाखान्यात नातेवाइकाला घेऊन जाणारी बाई, या सगळ्यांसाठी उरते ती वेळेचा नेम नसलेली एसटी, पुणे महानगर परिवहनाची, म्हणजे पीएमपीची, मोजकी बस किंवा खचाखच भरलेली खासगी गाडी. कंपन्यांच्या बस भरून धावतात, याचा अर्थ या रस्त्यावर सामूहिक वाहतुकीला मागणी आहे. ती मागणी सार्वजनिक सेवेपर्यंत पोचत नाही, एवढेच.

नियोजनाची बाजू याहून दुबळी आहे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले. शिरूर आणि दौंड तालुक्यांचे काही भाग त्याच्या हद्दीत आले. प्राधिकरणाचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, हरकती आल्या, वाद न्यायालयात गेला आणि २०२५ मध्ये शासनाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. दहा वर्षांत गृहप्रकल्प उभे राहिले, गोदामे उभी राहिली, शेतांचे गुंठे पडले, पण सार्वजनिक वाहतुकीसाठी कोणती जागा राखायची याचा पक्का नकाशा तयार झाला नाही. असाच अनुभव पुण्याच्या पश्चिमेला हिंजवडीने दिला आहे. तिथे आधी आयटी कंपन्या आल्या, मग इमारती, मग कोंडी आणि मग मेट्रो. २३ किलोमीटरच्या हिंजवडी-शिवाजीनगर मार्गाचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले, म्हणजे आयटी पार्क सुरू झाल्यानंतर दोन दशकांनी. त्या दोन दशकांत लाखो माणसांचे रोजचे जे तास रस्त्यावर गेले, ते कोणत्याही प्रकल्प अहवालात खर्च म्हणून दिसत नाहीत.

अमेरिकेची कथा याच क्रमाची मोठ्या प्रमाणावरची आवृत्ती आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसभोवती ‘पॅसिफिक इलेक्ट्रिक’ कंपनीच्या लाल गाड्यांचे विद्युत रेल्वेजाळे जगातल्या सर्वांत मोठ्या जाळ्यांपैकी एक होते. पुढे मोटार स्वस्त झाली. शहरात अनेक ठिकाणी ट्रामला रस्त्यावर वेगळी जागा नव्हती, त्यामुळे ती मोटारींच्या गर्दीत अडकू लागली. प्रवासी घटले तशा फेऱ्या कमी झाल्या, फेऱ्या कमी झाल्या तसे आणखी प्रवासी गेले. १९५६ च्या महामार्ग कायद्याने ४१,००० मैलांच्या आंतरराज्य रस्त्यांना केंद्राचा पैसा दिला आणि शहरे त्या रस्त्यांच्या कडेने पसरली. लॉस एंजेलिसची शेवटची लाल गाडी १९६१ मध्ये थांबली. ती लाँग बीचच्या मार्गावर धावत होती. १९९० मध्ये शहराने नवी रेल्वे सुरू केली, तीही लाँग बीचलाच आणि बव्हंशी त्याच जुन्या पट्ट्यावरून. एकोणतीस वर्षांनी तेच काम नव्या खर्चाने करावे लागले. तरीही ते शक्य झाले, कारण जुन्या मार्गाची जमीन शिल्लक होती. जिथे जमीन शिल्लक नसते, तिथली किंमत न्यूयॉर्कने दाखवली. सेकंड अॅव्हेन्यूच्या भुयारी मार्गाचा विचार १९२० च्या दशकात झाला होता. पहिला टप्पा सुरू झाला १ जानेवारी २०१७ रोजी. तीन किलोमीटरहून कमी लांबीला सुमारे साडेचार अब्ज डॉलर लागले. या खर्चाला फुगलेली स्थानके, सल्लागारांवरचे अवलंबन अशी इतरही कारणे आहेत. पण दाट वस्तीच्या पोटात उशिरा शिरावे लागणे हे त्यातले एक ठळक कारण आहेच.

नुसते रूळ टाकूनही भागत नाही, हे टेक्ससमधल्या डॅलसवरून कळते. तिथली हलकी रेल्वे १९९६ मध्ये सुरू झाली आणि वाढत वाढत दीडशे किलोमीटरच्या घरात गेली. लांबीत ती अमेरिकेत अव्वल ठरली, प्रवाशांत मात्र त्या मानाने फार मागे राहिली. अनेक ठिकाणी मार्ग जुन्या मालवाहू रुळांच्या कडेने गेला, कारण जागा तिथे स्वस्त होती. माणसे मात्र तिथे राहत नव्हती. याच्या नेमके उलट उदाहरण राजधानी वॉशिंग्टनला लागून असलेल्या आर्लिंग्टन परगण्याचे. तिथून जाणारी मेट्रो महामार्गाच्या मध्यपट्ट्यातून न्यायची मूळ योजना होती, कारण ती स्वस्त पडत होती. परगण्याने आग्रह धरला, जादा पैसे मोजले आणि मार्ग जुन्या बाजारपेठेच्या रस्त्याखालून नेला. १९७९ मध्ये बॉल्स्टनपर्यंत गाडी आली. स्थानकांभोवती दाट इमारती आणि दूरवर कमी उंचीची घरे असे नियम करून ते दशकानुदशके पाळले गेले. आज तो पट्टा साऱ्या अमेरिकेत दाखला म्हणून सांगितला जातो. स्थानक महामार्गाच्या मधोमध असते, तेव्हा त्याच्या आजूबाजूला चालत जाण्याजोगे काहीच नसते. वस्तीच्या मधोमध असते, तेव्हा वस्ती स्वतःच प्रवासी पुरवते. वाघोलीच्या पुढे कधी मेट्रो किंवा रेल्वे न्यायची झाली, तर ती उन्नत महामार्गाला बांधून न्यायची की गावांच्या बाजारपेठांना धरून न्यायची, हा निर्णय आजच विचारात घ्यायला हवा.

तिसरा धडा फेऱ्यांचा आहे आणि आपल्यासाठी तो सर्वांत उपयोगाचा आहे. ह्यूस्टन हे मोटारींचे शहर. ऑगस्ट २०१५ मध्ये तिथल्या परिवहन संस्थेने बसचे सगळे जुने मार्ग एका दिवसात बदलले. वेडीवाकडी वळणे काढली आणि मुख्य रस्त्यांवर आठवडाभर, सुट्टीच्या दिवशीही, पंधरा-पंधरा मिनिटांनी बस दिली. मोठा भांडवली खर्च न करता हे झाले. सिएटलच्या मतदारांनी २०१४ मध्ये वाहन शुल्क आणि विक्रीकरात वाढ मान्य केली, ती केवळ जास्त बसफेऱ्या विकत घेण्यासाठी. पुढच्या वर्षांत बहुतेक अमेरिकी शहरांत प्रवासी घटत असताना सिएटलमध्ये ते वाढले. ज्यांनी बांधकामाला पैसे उभारले पण चालवायला ठेवले नाहीत, त्यांची अवस्था फिलाडेल्फियाने दाखवली. करोना साथीच्या काळात मिळालेली केंद्राची मदत संपली आणि २०२५ मध्ये शंभर वर्षांची रेल्वे-ट्रामची परंपरा असलेल्या त्या शहरावर बसमार्ग बंद करण्याची वेळ आली. संस्था विखुरल्या की काय होते, हे सॅन फ्रान्सिस्को परिसरात दिसते. तिथे २७ वेगवेगळ्या परिवहन संस्था आहेत आणि एकाच प्रवासात दोन-तीन वेळापत्रके, दोन-तीन भाडी सांभाळावी लागतात. अटलांटाच्या उपनगरी ग्विनेट परगण्याने १९७१, १९९० आणि २०१९ अशा तीन वेळा मेट्रोत सामील व्हायला नकार दिला. सुरुवातीच्या त्या नकारामागे वंशभेदाची भीती उघड होती. शहर आणि परिसर यांनी एकमेकांकडे पाठ फिरवली, की मार्ग हद्दीवर येऊन थांबतो. प्रवाशाला मात्र हद्द दिसत नाही.

हे धडे हाती घेऊन वाघोलीच्या मेट्रोकडे पाहू. मेट्रोने पुण्यात ६ मार्च २०२२ पासून पाय रोवला. वनाज-रामवाडी मार्ग मार्च २०२४ मध्ये पूर्ण झाला. वाघोलीपर्यंतचा विस्तार हवाच, कारण वाघोलीची वस्ती आज शहराइतकी दाट आहे आणि २०२१ पासून ती महापालिकेतही आहे. शिक्रापूरच्या दृष्टीने या विस्ताराचे मोल वेगळे आहे. विठ्ठलवाडीचे शेवटचे स्थानक हे पूर्वेकडून येणाऱ्या सगळ्या माणसांसाठी शहराचे दार होऊ शकते. अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगरकडून येणाऱ्या बस वाघोलीला मेट्रोशी जोडण्याचा उल्लेख मंजुरीतच आहे. तो कागदावर राहू नये. स्थानकाच्या खालीच एसटी आणि पीएमपीचे फलाट, छपराखालून जाणारी चालायची वाट, एकच तिकीट आणि शेवटची मेट्रो पोचल्यावर सुटणारी शेवटची बस, एवढे केले तर शिक्रापूरच्या माणसाला मेट्रो आजच मिळाली असे म्हणता येईल. स्थानक बांधून झाल्यावर बससाठी जागा शोधायची म्हटले, तर ती मिळणार नाही. स्थानकासाठी जागा घेतानाच बस टर्मिनलची जागाही घेतली पाहिजे.

उन्नत मार्गाचा विषय अधिक अवघड आहे, कारण कोंडीने पिचलेला माणूस त्याचे मनापासून स्वागत करतो आणि त्याचा राग खराही आहे. नगर, बीड, मराठवाड्याकडे जाणारी लांबची वाहतूक गावांवरून वेगळी झाली, तर खालच्या रस्त्यावर थोडा श्वास मिळेल, हे मान्य करायला हवे. पण रुंद रस्त्याने कोंडी कायमची सुटते, हा विश्वास अमेरिकेतच खोटा ठरला आहे. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ मध्ये रुंद झाला. काही ठिकाणी सेवा रस्ते धरून २६ मार्गिका झाल्या. थोड्याच वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला, कारण नव्या मार्गिकांनी नव्या वसाहती आणि नव्या मोटारी ओढून आणल्या. रस्त्यांची लांबी वाढते त्याच प्रमाणात वाहनांचा प्रवासही वाढतो, असा निष्कर्ष अर्थतज्ज्ञ डुरँटन आणि टर्नर यांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांच्या आकडेवारीवरून मांडला. उन्नत मार्ग होणारच असेल, तर त्याचा आराखडा सार्वजनिक वाहतुकीला धरून व्हावा. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव इथे बसला चढता-उतरता येईल अशा जागा ठेवाव्यात. वाहतूक खाली उतरते तिथे, म्हणजे खराडीच्या तोंडाशी, बससाठी वेगळी मार्गिका असावी. मोकळ्या पुलावर बस कुठेही धावेल, ती अडकते ती उतारावर आणि चौकात, म्हणून संरक्षण तिथे हवे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुलाखालच्या मोकळ्या झालेल्या रस्त्यावर पार्किंग आणि टपऱ्या येण्याआधी बसथांबे, पदपथ आणि रस्ता ओलांडायच्या जागा आखून टाकाव्यात. एकाच खांबावर रस्ता आणि मेट्रो नेण्याचे तंत्र नागपूरने वर्धा रोडवर सिद्ध केले आहे. तेव्हा वाघोलीच्या पुढे खांब उभे करताना भविष्यातल्या रुळांचा भार आणि जागा गृहीत धरायची की नाही, याचे उत्तर पाया खणण्याआधी द्यावे लागेल.

इथे पहिला आक्षेप येतो: बससाठी वेगळी मार्गिका पुण्याने करून पाहिली आणि ती फसली. आक्षेप वजनदार आहे. देशातला बीआरटीचा पहिला प्रयोग पुण्यात २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर झाला. नगर रस्त्यावर येरवडा ते वाघोली बीआरटी २०१६ मध्ये सुरू झाली आणि पुढे तिचे थांबे पाडून मार्गिका काढून टाकण्यात आली. पण फसले ते कशामुळे? मार्गिका सलग नव्हती, चौकात ती संपत होती, खासगी गाड्या आत शिरत होत्या, मधल्या थांब्यापर्यंत पोचताना प्रवाशाचा जीव टांगणीला लागत होता आणि बस पुरेशा नव्हत्या. रिकामी मार्गिका पाहून शेजारी अडकलेला मोटारवाला चिडला, तर त्याला दोष देता येत नाही. त्याच महानगरात पिंपरी-चिंचवडमध्ये मार्गिका रुंद आणि सलग ठेवल्या गेल्या आणि त्या टिकल्या. लॉस एंजेलिसने २००५ मध्ये जुन्या रेल्वेच्या पट्ट्यावर फक्त बससाठी रस्ता बांधला, तोही टिकला. तेव्हा या अपयशावरून निष्कर्ष निघतो तो असा, की बसला जागा द्यायची असेल तर सलग द्यावी लागते आणि त्या जागेवर धावायला बसही द्याव्या लागतात.

आता दौंडच्या रुळांकडे वळू, कारण या परिसरातली सर्वांत स्वस्त उपनगरी रेल्वे तिथे तयार पडली आहे. पुणे ते दौंड हा सुमारे ७५ किलोमीटरचा दुहेरी आणि विद्युतीकरण झालेला मार्ग आहे. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, केडगाव, पाटस अशी वस्त्यांजवळची स्थानके त्यावर आहेत. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून चालते. दौंडच्या बाजूला मात्र २०१७ मध्ये डिझेलवर चालणारी डेमू गाडी आली आणि उपनगरी दर्जाची मागणी तशीच राहिली. २०२४ मध्ये दौंड स्थानक सोलापूर विभागातून पुणे विभागात आले, त्यामुळे दोन विभागांमधली टोलवाटोलवी हे कारण आता उरलेले नाही. लांबच्या गाड्या आणि मालगाड्या यांमुळे मार्गावर जागा नाही, हे रेल्वेचे उत्तर असते आणि ते खोटे नाही. पण मुंबईतही जागा नव्हती. तिथे १९९९ मध्ये केंद्र आणि राज्याने मिळून मुंबई रेल्वे विकास महामंडळ काढले, खर्च वाटून घेतला आणि मार्गिका वाढवल्या. पुणे महानगरासाठी अशीच व्यवस्था करून लोणावळा-पुणे-दौंड हा एकच उपनगरी पट्टा मानायला काय हरकत आहे? गर्दीच्या वेळी अर्ध्या तासाला एक गाडी मिळाली, तरी पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या हजारो दुचाकी घरी राहतील.

शिक्रापूरशी याचा संबंध काय, असे कोणी विचारेल. शिक्रापूरहून न्हावऱ्यामार्गे केडगाव-चौफुल्याकडे जाणारा रस्ता शिरूर आणि दौंड तालुक्यांना जोडतो. १ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या जयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी लाखो लोक येतात, तेव्हा पोलीस नगरकडून येणारी वाहतूक न्हावरा-चौफुलामार्गे सोलापूर रस्त्याकडे वळवतात. म्हणजे प्रशासनाला हे दोन पट्टे एकमेकांना पूरक आहेत, हे ठाऊक आहे. त्याच दिवशी शिक्रापूर, लोणीकंद, पेरणे परिसरात वाहनतळ उभारले जातात आणि तिथून पीएमपीच्या शेकडो बस भाविकांना सोडतात. खासगी गाड्यांना बंदी असते, बस एकामागून एक सुटतात आणि अफाट गर्दी सुखरूप ये-जा करते. याच रस्त्यावर, याच संस्थेच्या बसने, सार्वजनिक वाहतूक काय करू शकते याचा हा दरवर्षी मिळणारा पुरावा आहे. जे एका दिवसासाठी इतक्या मोठ्या प्रमाणावर जमते, ते त्याच्या छोट्या अंशाने वर्षभर जमवणे अशक्य म्हणता येणार नाही. पुढे रेल्वेच्या विचारात असलेला पुणे-अहिल्यानगर सरळ मार्ग प्रत्यक्षात आला, तर तो नाशिक-शिर्डीचा वेगवान प्रवास म्हणूनच आखला जाण्याचा धोका आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महादुर्बिणीमुळे पुणे-नाशिक रेल्वेची मूळ आखणी बदलावी लागली आणि मार्ग पूर्वेकडे सरकण्याची चर्चा सुरू झाली. आखणी अजून हातात आहे तोवर रांजणगाव-शिक्रापूर पट्ट्यात स्थानके आणि स्थानिक गाड्यांसाठी जादा रूळ मागून घेतले पाहिजेत. वेगवान गाडी गावाच्या शेजारून शिट्टी वाजवत निघून गेली, तर तिचा शिक्रापूरला उपयोग नाही.

दुसरा आक्षेप तोट्याचा. पीएमपीचा तोटा पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के या प्रमाणात भरते. साहजिकच महापालिका विचारते, की हद्दीबाहेरच्या गावांसाठी आमच्या करदात्याने का भरावे? २०२१-२२ मधल्या एसटी संपात पीएमपीने ग्रामीण भागात बस वाढवल्या आणि संप मिटल्यावर तोट्याचे मार्ग बंद करायला घेतले, ते याच हिशेबाने. महापालिकेची बाजू न्याय्य आहे. पण त्याचे उत्तर बस बंद करणे हे नाही. पैसे देणारा तिसरा भागीदार उभा केला पाहिजे आणि तो महानगर प्राधिकरण आहे. या पट्ट्यातल्या प्रत्येक बांधकाम परवानगीतून प्राधिकरणाला विकास शुल्क मिळते, औद्योगिक महामंडळाला भूखंडांतून उत्पन्न मिळते. शहरात मेट्रोसाठी मालमत्तेच्या खरेदीवर २०२२ पासून एक टक्का अधिभार घेतला जातो. बांधायला अधिभार आणि चालवायला काहीच नाही, ही फिलाडेल्फियाच्या वाटेवरची व्यवस्था आहे. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी २०१६ मध्ये अर्धा टक्का विक्रीकर कायमचा वाहतुकीला दिला, तेव्हा त्यातला ठरावीक वाटा गाड्या चालवण्यासाठी कायद्यानेच बाजूला काढला. आणि तोटा हा शब्द फक्त बसला का लावायचा? शिक्रापूरच्या चाकण चौकात इंजिन सुरू ठेवून उभ्या असलेल्या ट्रकचे डिझेल, शिफ्टला उशीर झाल्याने कापला गेलेला पगार, दुचाकीच्या अपघातात घरचा कर्ता गमावलेले कुटुंब, हा सगळा तोटाच आहे. तो सरकारच्या वहीत लिहिला जात नाही आणि गरिबाच्या घरात भरला जातो.

तिसरा आक्षेप असा, की लोकांना स्वतःची गाडीच हवी असते आणि अमेरिकेची उदाहरणे आपल्याला लागू पडत नाहीत. अमेरिका श्रीमंत आहे, तिथल्या वस्त्या विरळ आहेत, हे खरे. पण आपली गावठाणे दाट आहेत आणि माणसे अजून चालतात, ही आपली जमेची बाजू आहे. शिक्रापूरच्या बाजारपेठेत उतरलेला माणूस पाच मिनिटांत घरी पोचतो. डॅलसच्या उपनगरात ते शक्य नाही. आपले नवे गृहप्रकल्प मात्र महामार्गाला तोंड करून, कुंपण घालून, गावाला पाठ फिरवून उभे राहत आहेत. आपण अमेरिकेची चूक उचलत आहोत आणि ती चूक निभावून नेता येईल एवढा अमेरिकेसारखा पैसा आपल्याकडे नाही. दुचाकीची आवड ही बऱ्याच अंशी नाइलाजाची आवड आहे. रात्रपाळी संपवून पहाटे परतणाऱ्याला बस नसेल, तर तो हप्त्यांवर गाडी घेणारच. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाचा उत्तम सेवेचा निकष हजार माणसांमागे ०.६ बस, म्हणजे लाखामागे ६० असा आहे. शहराची हद्द ओलांडल्यावर आपण त्या निकषाच्या जवळपासही नाही. सेवा न देता लोकांची आवड ठरवणे हा अन्याय आहे.

मग करायचे काय आणि कोणत्या क्रमाने? लगेच करण्याजोगे काम बसचे आहे. शिरूर-रांजणगाव-शिक्रापूर-वाघोली-रामवाडी या एका मार्गावर पहाटेपासून रात्रपाळी सुटेपर्यंत दर पंधरा मिनिटांनी बस, चाकण-शिक्रापूर आणि शिक्रापूर-केडगाव या दोन आडव्या मार्गांवर अर्ध्या तासाने बस, एसटी आणि पीएमपी यांचा एकच पास आणि कंपन्यांच्या शिफ्टशी जुळवलेले वेळापत्रक. कारखानदारांनी आज भाड्याच्या बसवर होणाऱ्या खर्चाचा काही भाग पासच्या रूपाने या सेवेत घातला, तर पहिल्या दिवसापासून प्रवासी मिळतील. त्यासोबतच विठ्ठलवाडीच्या टर्मिनलची, खराडीच्या बसमार्गिकेची आणि पुढच्या रेल्वे-मेट्रो पट्ट्याची जागा नव्या विकास आराखड्यात नकाशावर आखून राखली पाहिजे, कारण आराखडा नव्याने होणार असेल तर ही संधी पुन्हा लवकर येणार नाही. दौंडची उपनगरी सेवा हे मधल्या टप्प्याचे काम आहे. वाघोलीच्या पुढचे रूळ हे त्यानंतरचे. शिरूरपर्यंत मेट्रो ही आजची मागणी नसावी. साठ-पासष्ट किलोमीटरच्या मार्गावर मेट्रोची गती आणि खर्च दोन्ही जुळत नाहीत आणि तिच्या आशेवर बसचा प्रश्न आणखी पंधरा वर्षे लांबणीवर पडेल. या सगळ्याला एक धनी लागेल. २०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणाने एकात्मिक महानगर परिवहन प्राधिकरणाची अट घातली आणि पुण्यासाठी ‘पुम्टा’ अस्तित्वातही आली. पण मेट्रो, पीएमपी, एसटी, रेल्वे, रस्ते महामंडळे यांचे पैसे आणि वेळापत्रके ज्याच्या हातात नाहीत, असे प्राधिकरण बैठकांपलीकडे जात नाही. त्याला कायद्याचे बळ आणि स्वतःचा निधी मिळायला हवा आणि शिरूर-दौंडच्या लोकप्रतिनिधींना त्यात जागा मिळायला हवी.

शिक्रापूरच्या ग्रामसभेने, शिरूरच्या नगरपरिषदेने आणि इथल्या कामगार संघटनांनी मागणी करताना पुलाच्या किंवा मेट्रोच्या उद्घाटनाची तारीख मागू नये. त्यांनी दोन लेखी उत्तरे मागावीत: पुढच्या वर्षी आमच्या थांब्यावर दिवसभरात किती बस येतील आणि पुढच्या रुळांसाठी कोणते गट नंबर राखले आहेत? पहिल्या उत्तरावरून आजच्या माणसाची किंमत कळेल, दुसऱ्यावरून उद्याच्या शहराची. लॉस एंजेलिसला आपली चूक दुरुस्त करायला एकोणतीस वर्षे आणि कोट्यवधी डॉलर लागले. नगर रस्त्यावर ती चूक अजून पूर्ण झालेली नाही आणि ती टाळण्याचा खर्च आज तरी पेलण्याजोगा आहे.